रेपो दर, महागाई, तूट, सोयाबीन: साध्या माणसांना फळ्यावर कसं समजवायचं? (इंदूर)

खडूफळा

नमस्कार मंडळी. आमच्या वसाहतीतल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दहा ते अकरा 'आठवड्याची बातमी' हा तास असतो. पंचवीस-तीस जण येतात. मिलमधून निवृत्त झालेले काका, सराफ्यातले कारागीर, दुकानदार, गृहिणी, कॉलेजची दोन-चार पोरं, शिवाय सांवेर-देपालपूरकडे शेती असलेले तिघं. राजकारणाची बातमी असली की तास पुरत नाही. रेपो दर, महागाई, जीडीपी, वित्तीय तूट यातलं काही निघालं की लोक घड्याळाकडे बघतात. व्याख्या सांगून झाल्या. एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा अवघड शब्द येतो, बाकी काही होत नाही.

हमखास अडतं ते इथे:

१. 'महागाई घटली' असं पेपरात आलं की "मग भाव कुठे उतरले?"
२. रेपो दर कमी झाला, मग गृहकर्जाचा हप्ता तेवढाच का?
३. खायचं तेल महाग होतं तेव्हा सोयाबीनला भाव का मिळत नाही? (शेतीवाल्या तिघांचा दर आठवड्याचा प्रश्न.)

शिवाय फेब्रुवारीत बजेटवर एक तास घ्यायचा आहे. हाताशी फळा आणि खडू, एवढंच. प्रोजेक्टर नको, त्याच्यासमोर लोक पेंगतात. नेमकं काय लिहायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे घसरायला होतं ते जाणकारांनी सांगावं.

पावशेर

पहिला प्रश्न घेतो. गोंधळाचं मूळ एकच. भाव ही उंची आहे आणि महागाईचा दर हा चढण्याचा वेग. वेग कमी झाला म्हणून कुणी खाली उतरत नाही. पण हे वाक्य सुरुवातीला सांगू नका, आधी आकडे लिहा.

फळ्यावर तीन ओळी:

ऑक्टोबर २०२३ : सामानाची पिशवी १०० रुपये
ऑक्टोबर २०२४ : महागाई ६.२१ टक्के, पिशवी १०६ रुपये २१ पैसे
ऑक्टोबर २०२५ : महागाई ०.२५ टक्के, पिशवी १०६ रुपये ४८ पैसे

हे ग्राहक किंमत निर्देशांकाचे खरे आकडे आहेत. ०.२५ हा त्या मालिकेतला नीचांक होता आणि तेव्हा बातम्या तशाच आल्या होत्या. आता विचारा, पिशवी १०० ला परत आली का? नाही आली. २७ पैशांनी वाढलीच. इथे लोक स्वतःहून बोलायला लागतात, तेव्हा आपण गप्प राहायचं.

दुसरी पायरी म्हणजे 'मागच्या वर्षीच्या मानाने'. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकले आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. पुढच्या जुलैत ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास आली. यात स्वस्ताईचा हात थोडा होता, तुलनेचा महिनाच फार उंच होता हे जास्त. अर्थतज्ज्ञ याला 'बेस इफेक्ट' म्हणतात. तुम्ही 'मागच्या वर्षीची उंची' म्हणा, चालतं.

तिसरी पायरी हरभऱ्यांची. ही चुकवू नका, कारण "आमच्या घरात तर महागाई जास्त आहे" या तक्रारीचं उत्तर इथेच मिळतं. प्रत्येकाला १०० हरभरे द्या (पंचवीस जणांना मिळून पाऊण किलोच्या आतबाहेर लागतील) आणि कागदावर सहा गोल काढायला सांगा: खाणंपिणं, घर, वीज-इंधन, कपडे-चपला, पान-तंबाखू, उरलेलं सगळं (औषध, शाळा, प्रवास, मोबाइल). घरचा खर्च जसा होतो तसे हरभरे मांडायचे. मग फळ्यावर सरकारी टोपली लिहा. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत (म्हणजे २०१२ चे भाव १०० धरून मोजलेल्या) शहरी भागासाठी खाणंपिणं ३६, घर २२, वीज-इंधन ६, कपडे ६, पान-तंबाखू १, बाकी २९. मी गोळाबेरीज केली आहे, काटेकोर आकडे ३६.२९, २१.६७ असे आहेत. ग्रामीण टोपलीत खाण्यापिण्याला ५४ आणि घरभाड्याला शून्य. देपालपूरवाल्यांना हा शून्य मुद्दाम दाखवा. खेड्यात भाड्याची घरं मोजण्याइतकी नव्हती म्हणून त्या मालिकेत तिथे घर धरलेलंच नव्हतं.

ज्या काकांचे ६० हरभरे खाण्यात आणि २० औषधात गेले, त्यांची महागाई सरकारी आकड्यापेक्षा वेगळी असणारच. सरकार खोटं बोलतंय असा त्याचा अर्थ नाही, आणि काका खोटं बोलतायत असाही नाही.

चूक कुठे होते? ही वजनं कायमची समजण्यात. पायाभूत वर्ष बदललं की टोपलीही बदलते, तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात वर्ष लिहून ठेवा. आणि महिन्याचा आकडा साधारण १२ तारखेला येतो. तुमचा तास त्यानंतरच्या रविवारी घ्या, म्हणजे पेपरातली बातमी ताजी असेल.

हप्तेबंद

प्रश्न दोन. हप्ता तोच राहतो, कारण बहुतेक बँका दर बदलला की हप्त्याला हात न लावता मुदत लांबवतात किंवा आखडतात. हप्ता दिसतो, मुदत कुणी बघत नाही. म्हणून दर वाढलेला कळत नाही आणि कमी झालेलाही कळत नाही.

फळ्यासाठी उदाहरण तयार देतो. हिशोब ईएमआयच्या नेहमीच्या सूत्राचा आहे, कुठल्याही कॅल्क्युलेटरवर ताडून बघा.

कर्ज २० लाख, २० वर्षं म्हणजे २४० हप्ते, दर साडेआठ टक्के. हप्ता १७,३५६ रुपये.

समजा सुरुवातीलाच दर नऊ टक्के झाला. दोन वाटा आहेत.

पहिली, मुदत तीच ठेवून हप्ता वाढवायचा. नवा हप्ता १७,९९५. महिन्याला ६३९ रुपये जास्त, २४० महिन्यांत सुमारे १ लाख ५३ हजार.

दुसरी, हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची. २४० चे सुमारे २६७ हप्ते होतात. सव्वादोन वर्षं जास्त, म्हणजे सुमारे ४ लाख ७३ हजार.

अर्ध्या टक्क्याचा हा खेळ. दुसऱ्या वाटेवरचे पैसे वीस वर्षांनंतर जायचे असल्याने त्यांची आजची किंमत कमी आहे, हे कॉलेजच्या पोरांनी विचारलंच तर सांगा. बाकीच्यांना २४० आणि २६७ हे दोन आकडे पुरेत.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. बहुतेकांना हे माहीतच नसतं. शाखेत अर्ज देऊन हप्ता बदलून घेता येतो.

मग रेपोकडे या. बँकांना रिझर्व्ह बँकेकडून थोड्या दिवसांसाठी पैसे लागले तर ज्या दराने मिळतात तो रेपो. २०२५ मध्ये तो फेब्रुवारीत ६.५० चा ६.२५, एप्रिलमध्ये ६.००, जूनमध्ये एकदम ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५ झाला. वर्षभरात सव्वा टक्का खाली. 'पंचवीस बेसिस पॉइंट' असं बातमीत आलं की सरळ 'पाव टक्का' म्हणा. आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण हे हिशोबाचे शब्द तयार आहेत, ते वापरायचे सोडून लोक इंग्रजीत अडखळतात.

हा सव्वा टक्का तुमच्या कर्जाला लागू झाला का, हे कर्जाच्या कागदावर दिसतं. लोकांना कागद घेऊन यायला सांगा आणि एवढं बघा:

दर कशाला जोडला आहे? १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली नवी बदलत्या दराची घरकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुधा रेपोलाच, जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. त्याआधीचं कर्ज एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर) असेल तर दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानेच हलतो, तोही अर्धवट. हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर रेपोला जोडण्याची ही सक्तीच नाही. निम्म्या लोकांची तक्रार इथेच संपते. कर्ज जुन्या पद्धतीचं असतं आणि वाट नव्या दराची बघत असतात. बँकेत थोडं शुल्क भरून ते बदलून घेता येतं.

आणि निवृत्त काकांसाठी वेगळी ओळ लिहा. दहा लाखांच्या ठेवीवर सव्वासात टक्के म्हणजे वर्षाला ७२,५००, साडेसहा टक्के झाले की ६५,०००. दर उतरला की कर्ज असलेला सुटतो आणि ठेव असलेला अडकतो. 'दरकपातीची खुशखबर' असा मथळा असला की ती कुणाची, हे तासात विचारलंच पाहिजे.

डीओसी

सोयाबीनवर. माळव्यात राहून हा प्रश्न पडला नाही तरच नवल.

आपली चूक एकच होते. सोयाबीन तेलबियांत मोजतात म्हणून आपण ते तेलाचं पीक धरून चालतो. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास डीओसी, म्हणजे तेल काढल्यावरची पेंड. बाकी घट. प्लांटवाला सोयाबीनला किती भाव देणार हे या दोन्हींच्या विक्रीवर ठरतं, आणि वजनात पेंड चौपटीहून जास्त आहे.

फळ्यावर असा हिशोब मांडा:

तेल किलोमागे २० रुपयांनी चढलं : १८ × २० = ३६० रुपये वाढले
डीओसी किलोमागे १० रुपयांनी पडली : ८० × १० = ८०० रुपये गेले
क्विंटलमागे निव्वळ ४४० रुपये कमी

बस. शेतीवाल्या तिघांना बाकी काही सांगावं लागणार नाही. तेच तुम्हाला पुढचं सांगतील.

डीओसी का पडते? ती खाते कोंबडी. पोल्ट्रीवाल्याला स्वस्तात दुसरं प्रथिन मिळालं की तो तिकडे वळतो. मका-तांदळापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांतून डीडीजीएस नावाचा चोथा निघतो, तो अलीकडे बाजारात भरपूर आणि स्वस्त आहे. आणि निर्यातीत आपली पेंड ब्राझील-अर्जेंटिनाच्या पेंडीशी भावात टिकावी लागते. म्हणजे छावणीच्या मंडीतल्या बोलीमागे कोंबडी, इथेनॉल आणि दक्षिण अमेरिका हे तिघं उभे असतात. पेंडीचे आकडे हवे असतील तर सोयाबीन प्रक्रियावाल्यांची संघटना 'सोपा' इंदूरचीच आहे.

आता तेलाची बाजू. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं, सोयाचं तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं, ते शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. मे २०२५ मध्ये तेच १६.५ वर आणलं, ते ग्राहकाला तेल स्वस्त मिळावं म्हणून. एका खुर्चीवरून आठ महिन्यांत दोन उलट निर्णय, आणि दोन्हींना कारण होतं. हे दोन आकडे लिहून वर्गाचे दोन भाग करा: एका बाजूला शेतीवाले, दुसऱ्या बाजूला फरसाण-नमकीनवाले आणि गृहिणी. अर्धा तास आपोआप जातो. इंदुरात शेव तळणाऱ्याचं मत ऐकल्याशिवाय तेलाची चर्चा पुरी होत नाही, भिया.

हमीभावाबद्दल एक. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ आणि २०२५-२६ ला ५,३२८ रुपये. हमीभाव म्हणजे मंडीत मिळणारा भाव नव्हे. सरकार खरेदीला उतरलं तर तो मिळतो, तोही बारा टक्के ओलाव्याच्या आतल्या मालाला. मध्य प्रदेश सरकारची भावांतर योजना वेगळी. तिच्यात माल मंडीतच विकायचा आणि फरक खात्यात येतो. पण फरक 'मॉडेल रेट'पासून, म्हणजे मंड्यांतल्या विक्रीवरून काढलेल्या सरासरी भावापासून, मोजतात. समजा मॉडेल रेट ४,००० निघाला आणि तुमचा माल ३,७०० ला गेला. तुम्हाला १,३२८ मिळणार, १,६२८ नाही. हातात पडले ५,०२८. ते मधले ३०० कुठे गेले हा प्रश्न तुमच्या तासात येणारच, म्हणून आधीच लिहून ठेवा.

चहापोहे

जीडीपी म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या माल-सेवांची एकूण किंमत. त्यासाठी पोह्यांची गाडी पुरते. पहिल्या वर्षी १०० प्लेटी, २० रुपयांनी, गल्ला २,०००. दुसऱ्या वर्षी १०५ प्लेटी, २२ रुपयांनी, गल्ला २,३१०. गल्ला साडेपंधरा टक्के वाढला, पण प्लेटी पाचच टक्के. पेपरात मथळ्याला येतो तो वाढदर प्लेटींचा असतो, आणि 'अर्थव्यवस्था इतक्या लाख कोटींची' हा आकडा बहुधा गल्ल्याचा. दोन्ही एका वाक्यात आले की सावध. पोह्यांवर जलेबी घेतली का, हे तूर्त सोडून द्या.

ताळेबंद

बजेटसाठी लोक घरखर्चाची उपमा देतात. ती द्या, पण ती कुठे मोडते तेही दाखवा, नाहीतर लोक चुकीचंच घेऊन घरी जातात.

एक लाख कोटी म्हणजे १,००० रुपये आणि सरकारचं वर्ष म्हणजे घरातला महिना असं धरा. २०२५-२६ चं केंद्राचं अंदाजपत्रक मग असं दिसतं:

महिन्याचा खर्च ५०,६५०
स्वतःची कमाई ३४,९६०
उसने १५,६९० (हीच वित्तीय तूट, जीडीपीच्या ४.४ टक्के)
खर्चातले १२,७६० जुन्या कर्जाच्या व्याजात

नव्याने घेतलेल्या उसन्यातला फार मोठा भाग जुन्याचं व्याज भागवण्याइतका आहे, हे एका नजरेत दिसतं. आता उपमा मोडते ती जागा. घरातला कर्ता माणूस साठीला थांबतो, सरकार थांबत नाही. घर स्वतःच्या कमाईचा दर ठरवत नाही, सरकार कर ठरवतं. आणि सरकारचं बहुतेक कर्ज रुपयातलं आणि देशातल्याच लोकांचं आहे. वर्गातल्या काकांची एलआयसी, पीएफ आणि बँकेतली ठेव यांतला काही भाग त्या कर्जरोख्यांतच आहे. म्हणून 'सरकार कर्जबाजारी' या वाक्याला टाळ्या पडल्या की विचारा, सावकार कोण?

दुसरा खड्डा. बजेटच्या दिवशी पेपरात 'रुपया असा येतो, असा जातो' हे गोल चित्र छापतात. २०२५-२६ च्या चित्रात कर्जाचे २४ पैसे लिहिलेले होते. वरच्या हिशोबाने १५,६९० भागिले ५०,६५० म्हणजे ३१ टक्के. मग खरं कुठलं? दोन्ही खरी. गोल चित्रात राज्यांना द्यायचा करातला वाटा, १४.२२ लाख कोटी, येण्यात आणि जाण्यात दोन्हीकडे धरलेला असतो. त्यामुळे भागाकारातली खालची बेरीज ६४.८७ लाख कोटी होते आणि तुटीचे १५.६९ लाख कोटी तिच्या २४ टक्के भरतात. व्याजाचे २० पैसे आणि राज्यांचे २२ पैसे याच बेरजेवर काढलेले आहेत. 'कशाच्या किती' हे न विचारता दोन पेपर शेजारी ठेवले की भांडण ठरलेलं.

'अमुक योजनेला इतके हजार कोटी' आलं की भागाकार करायला लावा. एक लाख कोटी भागिले १४० कोटी माणसं म्हणजे माणशी सुमारे ७१४ रुपये. मग दहा हजार कोटी म्हणजे माणशी ७१. शून्यं मोजायला पाटी ठेवा: मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. हरभरे आणि २४०-२६७ हे दोन तास लगेच घेतो, सोयाबीन त्याच्यापुढच्या रविवारी. पहिल्या फळ्याचा मजकूर असा केला आहे, बघून सांगा:

'महागाई ६.२१ वरून ०.२५ वर आली, म्हणजे महागाई ५.९६ टक्क्यांनी कमी झाली. पिशवी मात्र १०६ रुपये ४८ पैशांची.'

पावशेर

'५.९६ टक्क्यांनी' खोडा. ६.२१ चे ०.२५ होणं ही ९६ टक्क्यांची घट आहे. तुम्ही काढलेला फरक हा टक्के-बिंदूंचा, म्हणजे दोन टक्केवारींच्या वजाबाकीचा आहे. हे दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर आले तर पिशवी बाजूला राहील. असं लिहा: 'आदल्या वर्षी शंभरामागे ६ रुपये २१ पैसे वाढले, यंदा शंभरामागे २५ पैसे.' आणि हरभरे कच्चेच आणा. भाजलेले आणले तर हिशोबाआधीच संपतील.